भक्त नव्हे, चाहते हवेत: एका जर्मन बँडच्या निमित्ताने भीमगीतांविषयी



जर्मनीतल्या कोलोन शहरात १९६८ साली 'कॅन' नावाचा एक बँड सुरू झाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे काम जवळजवळ थांबले. तरीही २०२१ साली 'लाइव्ह इन स्टुटगार्ट १९७५' हा त्यांचा अल्बम नव्याने बाजारात आला आणि पाठोपाठ त्याच मालिकेत आणखी काही अल्बम आले. बंद पडलेल्या बँडचे नवे अल्बम आले कुठून? मैफलीत कपड्यांत रेकॉर्डर लपवून नेणाऱ्या चाहत्यांच्या टेपमधून. कंपनीने जपले नाही ते ऐकणाऱ्यांनी जपले. पुढे त्याच टेप साफसूफ होऊन अधिकृत अल्बम झाल्या.

आंबेडकरी ब्लॉगवर जर्मन रॉकची चर्चा कशाला, असे काही कार्यकर्ते विचारतील. आमचे उत्तर सरळ आहे. भीमगीतांवर जीव टाकणारे लाखो लोक आपल्याकडे आहेत, पण त्या गीतांची नोंद ठेवणारे आणि पारख करणारे चाहते बोटांवर मोजण्याइतके आहेत. हा फरक समजून घ्यायला 'कॅन'चे उदाहरण उपयोगी पडते.

आधी हा बँड काय होता ते पाहू. इरमिन श्मिट आणि होल्गर चुकाय हे दोघे श्टॉकहाउझेन या नामवंत संगीतकाराचे विद्यार्थी. ढोल वाजवणारा याकी लीबेत्साइट जॅझमधून आलेला. पहिला गायक माल्कम मूनी हा काळा अमेरिकन, तर दुसरा दामो सुझुकी हा म्युनिकच्या रस्त्यावर गाताना सापडलेला जपानी तरुण. नाझी राजवटीत वावरलेल्या पिढीची ही मुले. त्यांना बापजाद्यांचे संगीत नको होते आणि अमेरिकेची नक्कलही नको होती. १९७१ चा 'टागो मागो', १९७२ चा 'एगे बाम्यासी' आणि १९७३ चा 'फ्यूचर डेज' हे अल्बम चाहते आजही पुन्हा पुन्हा ऐकतात. 'एगे बाम्यासी' हे तुर्की नाव, आणि मुखपृष्ठावर चक्क भेंडीचा डबा! जुन्या सिनेमागृहात त्यांनी स्टुडिओ थाटला आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लष्कराच्या सुमारे १५०० गाद्या लावल्या. तो स्टुडिओ पुढे ग्रोनाऊ येथील संग्रहालयात हलवला गेला. धूळ खात पडलेल्या टेप निवडून २०१२ मध्ये 'द लॉस्ट टेप्स' निघाला.

यात आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. 'कॅन'च्या रचना सगळ्या सदस्यांच्या नावावर असत आणि पैसाही सारखा वाटला जाई. गाणारा मोठा आणि वाजवणारा छोटा, असा भेद नव्हता.

आता आपल्या कॅसेट आठवा. १९८० आणि ९० च्या दशकांत चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीच्या स्टॉलवर भीमगीतांच्या कॅसेट हातोहात खपल्या. अनेक कव्हरवर गायकाचा फोटो मोठा, कवीचे नाव बारीक, आणि ढोलकीवाला, कोरसवाला, पेटीवाला तर गायबच. आज तीच गाणी मोबाईलवर फिरतात तेव्हा कवीचे बारीक नावही गळून पडते आणि खाली 'पारंपरिक' किंवा 'लोकगीत' असे लिहिलेले असते. मित्रांनो, हा शब्द भोळा नाही. वामनदादा कर्डक १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले, गावोगाव फिरले, हजारो गीते रचली आणि २००४ साली गेले. अशा हाडामांसाच्या कवीचे गीत 'पारंपरिक' ठरवायचे म्हणजे त्याची बौद्धिक मालकी काढून घेणे. ज्यांना हजारो वर्षे नाव आणि जमीन दोन्ही नाकारली, त्यांच्या शब्दांवरून पुन्हा एकदा नाव पुसले जाते, आणि या वेळी पुसणाऱ्यांत आपलेच लोक असतात.

कोल्हापूरकरांनी तर याचा विशेष विचार करावा. शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादिया खाँसाहेब या शहरात राहिले. त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. तरी त्यांची गायकी, त्यांच्या बंदिशी, त्यांच्या शिष्यांची परंपरा आज तपशिलाने सांगता येते, कारण शिष्यांनी ती घोटली, जाणकारांनी लिहिली, देवल क्लबसारख्या संस्थांनी गाण्याला घर दिले. म्हणजे तिथे टेप नसूनही इतिहास टिकला, आणि आपल्याकडे टेपांचे ढीग असूनही इतिहास विरघळतो आहे. प्रश्न यंत्राचा नाही. कोणाचे गाणे 'कला' आणि कोणाचे गाणे 'प्रचार', हे ठरवणाऱ्या जातीय नजरेचा आहे. त्या नजरेला उत्तर आपण आपल्या नोंदींनीच देऊ शकतो.

दुसरा मुद्दा पारख करण्याचा. 'कॅन'चे चाहते एकमेकांशी कडाकडा भांडतात. दामो सुझुकी १९७३ मध्ये गेल्यावर बँडची धार बोथट झाली असे काहींचे मत, तर काहींना नंतरचे अल्बमही आवडतात. बँडवर प्रेम आहे म्हणूनच ते त्याला तपासतात. आपल्याकडे एखाद्या भीमगीताची चाल उथळ आहे किंवा शब्द विचाराशी विसंगत आहेत असे म्हटले की लगेच, "बाबासाहेबांच्या गाण्याला नाव ठेवतोस?" असा सवाल येतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनीच राजकारणातल्या भक्तीविषयी सावध केले होते. ज्या महामानवाने विभूतिपूजेला विरोध केला, त्यांच्यावरील गाण्याची आपण पूजा करावी, हे कोणत्या विचारात बसते? सिनेमाच्या चालीवर चार ओळी बसवून त्यांना दैवत बनवणारे गाणे आणि माणसाला प्रश्न विचारायला लावणारे गाणे यांत फरक करता आला पाहिजे. भक्ताला तो करता येत नाही. चाहत्याला येतो.

"आधी पोट, मग गाणे" असेही काही जण म्हणतील. पण जलसा ही आपली पहिली शाळा होती. भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी वाचता न येणाऱ्या माणसांपर्यंत सत्याग्रहाचा अर्थ गाण्यातून पोहोचवला. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. विठ्ठल उमपांनी २०१० साली दीक्षाभूमीवर, मंचावरच अखेरचा श्वास घेतला. रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर १९९७ साली विलास घोगरेंनी जीव दिला. ज्या गाण्यासाठी माणसे अशी जगली आणि मेली, ते गाणे फक्त डॉल्बीच्या भिंतीपुढे नाचण्यापुरते उरले तर तो चळवळीचाच पराभव आहे. नाचण्याला आमचा विरोध नाही. जयंतीचा आनंद आपल्या हक्काचा आहे. पण नाचून झाल्यावर हे गीत कोणाचे, एवढे तरी विचारा.

कोल्हापुरात ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असताना, बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे उभे राहिले. पुतळा उभारण्यात या शहराने पुढाकार घेतला, तसाच आता आवाज जपण्यात घ्यावा. त्यासाठी मोठा निधी लागत नाही.

प्रत्येक वस्तीतल्या तरुणांनी घरातल्या ट्रंका उघडाव्यात. कॅसेटला बुरशी लागते, टेपची फीत चिकटते, म्हणून हे काम पुढच्या जयंतीवर ढकलू नये. चांगल्या टेपरेकॉर्डरवरून कॅसेट संगणकावर उतरवावी आणि मूळ कॅसेट फेकू नये. कव्हरचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्यावेत. गायक, कवी, चाल कोणाची, ढोलकी कोणाची, कार्यक्रम कुठे आणि कोणत्या साली झाला, हे वहीत लिहावे. म्हातारी माणसे अजून आहेत, त्यांना विचारावे. कवीच्या वारसांची परवानगी घ्यावी आणि पैसा आला तर त्यांचा वाटा त्यांना द्यावा. मंडळांनी जयंतीच्या पत्रिकेवर पाहुण्यांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरात कवीचे आणि वादकांचे नाव छापावे. आणि महिन्यातून एकदा बसून एक जुनी कॅसेट पूर्ण ऐकावी, तिच्यावर मोकळेपणाने वाद घालावा.

चांगदेव खैरमोडे यांनी कागदाचा कपटा न् कपटा जमवला, म्हणून बाबासाहेबांचे चरित्र खंडांमागून खंड उभे राहिले. ती चिकाटी आता गाण्याच्या वाट्याला यायला हवी. एका जर्मन बँडच्या रात्री त्यांच्या चाहत्यांनी वाचवल्या. वामनदादांच्या रात्री कोण वाचवणार, हे आपल्याला ठरवायचे आहे.

जयभीम! जय फुले! जय शाहू!