तबकड्या हरवल्या नव्हत्या

अलीकडे एक वाक्य वारंवार वाचनात येते: ‘विस्मृतीत गेलेल्या अमुक ध्वनिमुद्रिकेचा शोध लागला.’ शोध लावणारा बहुधा परदेशी संग्राहक असतो. ठिकाण मुंबईच्या चोरबाजारातले किंवा दिल्लीतले जुन्या वस्तूंचे दुकान असते. आणि बातमी आपल्यापर्यंत पोहोचते ती तबकडीची किंमत आपल्या आवाक्याबाहेर गेल्यावर. या वाक्यावरच माझा आक्षेप आहे. जी वस्तू आपल्याच रद्दीत पडून होती ती हरवली होती असे कसे म्हणायचे? तिला रद्दी ठरवले कोणी, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर देताना मराठी समीक्षेचा व्यवसाय करणाऱ्या आपल्यासारख्यांना अंग चोरता येणार नाही.

यवतमाळातल्या एका भंगाराच्या दुकानात जुनी मासिके धुंडाळण्याची मला सवय आहे. काही वर्षांपूर्वी तेथे कोणा निवृत्त अधिकाऱ्याच्या घरून आलेल्या रद्दीत दहा-बारा एलपी निघाल्या. नाट्यगीते होती, भावगीते होती आणि ओल लागून पोपडे सुटलेल्या कव्हरमध्ये ‘शक्ती’ची १९७६ ची पहिली ध्वनिमुद्रिका होती. दुकानदाराने सगळा गठ्ठा काट्यावर टाकला आणि विचारले, “सर, हे वाजते तरी का?” माझ्याजवळ रेकॉर्ड प्लेअर नव्हता. तो मिळवण्यात तीन महिने गेले. मग एका रात्री जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार, एल. शंकर यांचे व्हायोलिन, झाकिर हुसेन यांचा तबला आणि विक्कू विनायकराम यांचा घटम एकत्र ऐकले. पहिलेच वादन अठरा मिनिटांचे. फ्यूजन म्हणजे पाहुण्यांसमोर मांडलेली भेळ, अशी समजूत मी तोवर बाळगून होतो. येथे मात्र सवाल-जवाबाची शिस्त इतकी कडक होती की एका मात्रेचीही कोणी कोणाला सूट देत नव्हते. मराठीचा एम.ए. झालेला, नाट्यसंगीतावर अधिकाराने बोलणारा मी वयाच्या चाळिशीनंतर हे ऐकत होतो, आणि तेही भंगारवाल्याच्या कृपेने.

हा माझ्या एकट्याच्या अडाणीपणाचा भाग असता तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. शोभा गुर्टू यांचेच उदाहरण घ्या. बेळगावात जन्मलेल्या, मेनकाबाई शिरोडकरांची तालीम लाभलेल्या या गायिकेवर मराठीत आदराने लिहिले गेले आहे. ठुमरी, दादरा, मराठी गाणी, सारे त्यात येते. त्यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू हे जॅझच्या जगातले मोठे तालवादक. ‘ओरेगॉन’ या अमेरिकन वाद्यवृंदात ते वाजवत होते. १९८८ मध्ये ‘उसफ्रेत’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका जर्मनीतून निघाली. तिच्यात डॉन चेरी यांचा ट्रम्पेट आहे, राल्फ टाउनर आहेत, एल. शंकर आहेत, आणि शोभाताईंचा आवाज आहे. १९९३ च्या ‘क्रेझी सेंट्स’मध्येही तो आहे. साठी ओलांडलेली ठुमरीगायिका मुलाच्या अनोळखी तालव्यूहात शिरते आणि आपल्या स्वराचा लगाव तसूभरही न बदलता तेथे घर करते, ही घटना आस्वादक समीक्षेला आव्हान देणारी आहे. शोभाताईंवरच्या ज्या मराठी लेखांशी माझा परिचय आहे त्यांत मात्र या ध्वनिमुद्रिकांना एक ओळही मिळालेली नाही. ‘उसफ्रेत’ची सीडी मला मिळाली ती पुण्याच्या जुन्या बाजारात, जुनी कुलुपे आणि चष्म्याच्या फ्रेमा यांच्या मधोमध.

आणखी उदाहरणे हवीत? मुंबईत जन्मलेले गोवेकर कुळातले गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा यांनी १९६९ मध्ये लंडनला जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासह ‘हम दोनो’ ही ध्वनिमुद्रिका केली. त्यांची ‘कोकण डान्स’ सत्तरच्या दशकात मुद्रित होऊनही २००६ पर्यंत अप्रकाशित राहिली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये भैरवापासून बैरागीपर्यंत दहा राग सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर वाजवले. ती एलपी २००२ मध्ये दिल्लीत एका डच संग्राहकाच्या हाती लागली आणि २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा जग थक्क झाले. शिकागोत पुढे ‘अ‍ॅसिड हाउस’ म्हणून जे नावारूपाला आले, त्याच्याशी या नादाचे विलक्षण साम्य होते. मुंबईच्याच ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या रॉक वाद्यवृंदाचे सत्तरच्या दशकातले संगीत २०११ मध्ये एका अमेरिकन कंपनीने पुनर्प्रकाशित केले. चरणजित सिंग २०१५ मध्ये वारले. तोवर त्यांच्याशी सविस्तर बोलून घेण्याला आपल्याला कोणाची हरकत होती?

हरकत होती ती आपल्या कोष्टकांची. मराठी संगीतलेखन दोन खणांत विभागलेले आहे. एका खणात घराणी, गुरू आणि शुद्धता. दुसऱ्यात भावगीत, रेडिओ आणि गेलेले दिवस. जे यांपैकी कोठेच बसत नाही ते ‘पाश्चात्त्यांचे अनुकरण’ म्हणून निकालात निघते. असे म्हणणारे लोक पायपेटीच्या साथीने नाट्यगीते ऐकत वाढलेले असतात, ही त्यातली गंमत. हार्मोनियम युरोपातून आली. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली तेव्हाही कारण शुद्धतेचेच होते. आज त्या बंदीला आपण हसतो, आणि इलेक्ट्रिक गिटारसमोर त्याच अधिकाऱ्यांच्या खुर्चीत जाऊन बसतो. विचाराची साधने नव्हती म्हणावे तर तेही नाही. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी मांडताना संगम संगीताला स्वतंत्र स्थान दिले होते. आपण रानड्यांना अभ्यासक्रमात नेमले आणि त्यांची कोटी रिकामी ठेवली.

संग्राहकांची बाजू घेण्याचाही माझा इरादा नाही. त्यांच्यातल्या अनेकांना दुर्मिळता हेच मूल्य वाटते. कोणत्या छापाची प्रत, कव्हरचा कोपरा दुमडला आहे काय, याची चर्चा ते तासन्‌तास करतील. आत काय वाजते याविषयी दोन वाक्येही बोलणार नाहीत. दुर्मिळ तबकडी सुमार असू शकते, आणि रद्दीत मिळालेल्या सुमार तबकड्या माझ्याजवळ पुष्कळ आहेत. मात्र सुमार कोणती आणि थोर कोणती हे ठरवणे समीक्षेचे काम होते. ते आपण सोडले म्हणून बाजाराने उचलले. बाजाराला दोष देण्यापूर्वी एवढे कबूल करावे.

साहित्याच्या अभ्यासकांना यात काय, असे विचारणाऱ्यांसाठी अरुण कोलटकर पुरेत. सत्तरच्या दशकाच्या आरंभी हा कवी अर्जुन शेजवळ यांच्याकडे पखवाज शिकत होता, ब्लूजच्या धाटणीची इंग्रजी गाणी लिहीत होता, ती मुद्रितही करत होता. ‘जेजुरी’ १९७६ ची, ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ चा. ‘शक्ती’च्या तबकड्या त्याच वर्षांतल्या. या कवितेची लय शिकवताना आपण छंदशास्त्रापाशी थांबतो. ती लय ज्या शहराच्या कानांतून आली, ते कान आपण कधी तपासले?

शेवटचा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो माझ्याच सहकाऱ्यांनी घेतला: “अहो, कापूस पिकवणाऱ्यांच्या आत्महत्यांचा आपला जिल्हा, आणि तुम्हाला जॅझ सुचतो?” हा प्रश्न सहानुभूतीचा वाटतो, त्याच्या पोटात मोठी तुच्छता आहे. यवतमाळच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला दुःख आणि त्याचे वर्णन एवढेच यावे, नवे नाद पुण्या-मुंबईच्या मुलांनी ऐकावेत, असा त्याचा अर्थ होतो. माझ्या वर्गातला वणीचा एक विद्यार्थी ‘उसफ्रेत’ ऐकून म्हणाला, “सर, बाई आपल्या जागेवर उभ्या आहेत आणि सगळे त्यांच्याभोवती फिरते आहे.” छापील लेखांत मला न सापडलेले वाक्य त्याने सहज उच्चारले.

यंदा त्याला याच विषयावर लघुप्रबंध लिहायचा आहे. विभागाच्या बैठकीत विषय ‘मराठीच्या कक्षेबाहेरचा’ ठरण्याची दाट शक्यता आहे. बेळगावची गायिका, मुंबईत वाढलेला तिचा मुलगा, वणीचा श्रोता. यातले नेमके काय कक्षेबाहेर आहे, ते बैठकीतल्या मान्यवरांनी लेखी द्यावे, एवढीच माझी मागणी असेल.