सोनारानेच कान टोचावेत, पण जीभ?

नववीच्या वर्गात प्रकट वाचन चालू होतं. एक मुलगी एरवी खणखणीत वाचते, पण त्या दिवशी 'ळ' आणि 'ड' आला की अडखळत होती. 'डोळा', 'कळस' असे शब्द नुसते तोंडात घोळत होते. जवळ गेले तर काय, जिभेवर चकचकीत मणी!

शिक्षक खोलीत लगेच दोन तट पडले. एक म्हणाले, "पालकांना बोलवा, घरी पाठवा." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "कान-नाक टोचतोच की आपण, मग जिभेनंच काय घोडं मारलंय?" मला हा दुसरा प्रश्न खरा वाटला. त्याचं उत्तर आपण मुलांना देत नाही, नुसतं रागावतो, म्हणून ती आपलं ऐकत नाहीत.

कानाची पाळी दिवसभर कशावर घासत नाही. जीभ मात्र बोलताना, गिळताना सतत हलते आणि तिच्याभोवती दातांची भिंत असते. धातूची दांडी खालच्या पुढच्या दातांवर आतून आपटत राहते. दाताचा टवका उडतो, तडा जातो, हिरडी हळूहळू खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. ओठात खडा असला की हेच बाहेरच्या बाजूने होतं. सुरुवातीला फारसं दुखत नाही, हीच तर पंचाईत! थंड पाणी झोंबायला लागतं तेव्हा कळतं. झिजलेलं इनॅमल आणि उतरलेली हिरडी आपोआप परत येत नाही. दाढीमिशा वाढवल्या, केस रंगवले तर निदान कापता तरी येतात.

टोचल्यावर जीभ सुजते, म्हणून आधी लांब दांडी घालतात. सूज उतरली की आखूड घालायची असते. ती बदलायची राहून जाते आणि मग दांडी दातांत धरून चावायचा चाळाच लागतो. शिवाय तोंडात जंतूंना काय तोटा! ते रक्तात गेले तर हृदयाचा दोष असलेल्या मुलाला हृदयाच्या अस्तराचा संसर्ग होऊ शकतो. सुई निर्जंतुक नसेल तर हिपॅटायटिस बी, सी यांची भीती आहेच. अमेरिकन डेंटल असोसिएशन तर तोंडात टोचून घेऊच नका असं सांगते.

काही मुलं म्हणतात, "बाई, आमचं खोटं आहे, चुंबकाचं." ते तर आणखी वाईट. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याला मधे धरून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं.

पालकहो, घरी असं काही दिसलं तर आधी आरडाओरडा करू नका. धाक बसला की मूल सूज लपवतं, आणि सूज हनुवटीखाली, गळ्यापर्यंत उतरली, गिळता येईना, दम लागला तर तासही दवडून चालत नाही, थेट दवाखाना गाठायचा. आणि घरच्या घरी ओढून काढायलाही जाऊ नका.

त्या मुलीची आई शाळेत आली. म्हणाली, "बाई, रोज एका ताटात जेवतो आम्ही, मला दिसलंच नाही हो." मुलगी मान खाली घालून बसली होती. मी तिला काढ म्हटलं नाही. शनिवारी गावातले दंतवैद्य शाळेत येणार आहेत, त्यांच्या छोट्या आरशात तिनेच खालच्या दातांची आतली बाजू बघायची असं ठरलंय.