नकाशाला पाखाडी दाखवा

डिसेंबर लागला की कोल्हापूर-सांगलीकडच्या मोटरसायकली आंबा घाट उतरून रत्नागिरीत येऊ लागतात. बहुतेकांच्या हँडलवर मोबाइल अडकवलेला असतो आणि त्यावर निळी रेघ. साखरपा, पाली, हातखंबा इथपर्यंत त्या रेघेला नाव ठेवायला जागा नाही. गणपतीपुळ्याला जायचं असेल तर निवळी तिठ्यावरून जाकादेवी, चाफे असा रस्ता, नाहीतर शहरातून आरे-वारेचा किनारा. दोन्ही वाटा ती नीट दाखवते. खरी अडचण येते ती कुणाच्या तरी वाडीत पाहुणा म्हणून जायचं असतं तेव्हा.

आपलं गाव एका जागी वसलेलं नसतं. एक वाडी सड्यावर, दुसरी उतारावर, तिसरी थेट खाडीला लागून. वरून खाली जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरते आणि गाडीरस्ता मोठा वळसा घेऊन येतो. त्यात गुरववाडी, ब्राह्मणवाडी, खालची वाडी ही नावं जवळजवळ प्रत्येक गावात, त्यामुळे नुसतं वाडीचं नाव टाकून भागत नाही. गुगलने दुचाकीसाठी वेगळा मार्ग दाखवायला डिसेंबर 2017 मध्ये सुरुवात केली, तीही सर्वात आधी भारतात. मोटार शिरणार नाही अशी अरुंद वाट दुचाकीला सुचवायची, हा त्याचा मोठा उपयोग. शहरातल्या गल्ल्यांत तो फार सोयीचा पडतो. पण पाखाडीही अरुंदच असते, आणि आंब्या-फणसाच्या सावलीतल्या पायऱ्या उपग्रहाच्या छायाचित्रात दिसत नाहीत. शेवाळलेल्या जांभ्यावर, मागे माणूस बसलेला असताना, जड गाडी वळवून परत वर काढणं हे जीवावरचं काम आहे.

अजून एक समज पक्का बसला आहे, की रेंज गेली म्हणजे जीपीएस गेलं. तसं नाही. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश आपलं यंत्र फक्त ऐकतं. चार उपग्रह मिळाले की त्याला जागा कळते, सिमकार्डही लागत नाही. रेंज लागते ती नकाशा उतरवून घ्यायला. म्हणून तो घरीच उतरवून निघावं. सड्यावर आकाश मोकळं, तिथे यंत्र नेमकं चालतं. घाटाच्या कुशीत आणि दाट झाडीत निम्मं आकाश झाकलं जातं आणि आपली खूण रस्ता सोडून बाजूला सरकते. मिरकरवाड्यातल्या खलाशांना हे सांगावं लागत नाही. खोल समुद्रात मोबाइलचा टॉवर नसतो, तरी नौकेवरचा जीपीएस चालतो. मासळी मिळते ती ठिकाणं आणि जाळं फाटतं ते खडक तांडेल स्वतः त्यात साठवून ठेवतो. यंत्राला माहिती आपण पुरवायची असते, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

पावसाळ्यात मोबाइलवर फार विसंबू नये. काचेवर थेंब पडले की बोटाचा स्पर्श आणि पाण्याचा स्पर्श यात तिचा गोंधळ होतो. मोठ्या इंजिनाच्या थरथरीने कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा अॅपलने 2021 मध्ये आयफोनच्या ग्राहकांना दिला होता. मोटरसायकलसाठीचं वेगळं यंत्र महाग पडतं, पण ते पाणी सोसतं आणि हातमोजे घालूनही चालतं. यंत्र कुठलंही असो, वाट कानाने ऐकावी. ताशी चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. दोन सेकंद पडद्याकडे पाहिलं तर बावीस मीटर रस्ता न बघता गेला, आणि आपल्याकडे तेवढ्यात एक वळण संपून दुसरं सुरू होतं. ऑक्टोबर 2020 पासून मोटार वाहन नियमांत मोबाइलला परवानगी आहे ती फक्त मार्ग पाहण्यासाठी, आणि तीही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने.

जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर रात्री एक मोटार गेली. मोबाइलवरचा नकाशा तो रस्ता चालू दाखवत होता. चालकाचा जीव गेला. आपल्याकडचे कितीतरी साकव जुलैमध्ये पाण्याखाली जातात. गावातल्या पोरालाही कुठला साकव कधी बुडतो ते माहीत असतं, पण बाहेरून आलेल्याच्या यंत्राला कोण सांगणार?

ते आपणच सांगायला हवं, आणि आता त्याला मोठी खटपट लागत नाही. गुगलच्या नकाशात चुकीच्या रस्त्याची तक्रार मोबाइलवरूनच करता येते. ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा तर कुणीही सुधारू शकतो, आणि त्यात पायऱ्यांसाठी वेगळी खूण आहे. ती एकदा टाकली की त्यावर चालणारं यंत्र पाखाडीला गाडीरस्ता समजत नाही. कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी गावच्या म्हाताऱ्यांना सोबत घेऊन एक सुट्टी या कामाला द्यावी. आपल्या वाडीची पाखाडी, पावसात बुडणारा साकव, जयगड-तवसाळ फेरीबोटीची शेवटची वेळ, एवढं नोंदवावं. ग्रामपंचायतींनी तिठ्यावर वाडीच्या नावाची पाटीही लावावी. पुढचा पाऊस येण्याआधी हे व्हायला हवं.