पाण्यावरचं बिऱ्हाड

आमच्या घराण्यात गेली काही वर्षं एक वाद चालू आहे. लग्नकार्य असो, दिवाळीचा फराळ असो, एवढंच काय, कुणाच्या तेराव्याला जमलो तरी तो निघतोच. विषय असा, की माझा भाचा आणि त्याची बायको यांनी २०२१ साली अमेरिकेतलं राहतं घर विकून एक जुनी शिडाची बोट घेतली आणि आता ते दोघं कॅरिबियन समुद्रात त्या बोटीवरच राहतात. सुट्टीपुरते नाही, बिऱ्हाड करून! एका पक्षाचं म्हणणं, "हे सरळसरळ पळून जाणं आहे. जबाबदाऱ्या नकोत म्हणून समुद्रात जाऊन बसले." दुसरा पक्ष फोटो बघून उसासे टाकतो, "नशीबवान आहेत बुवा! नाहीतर आपण..."

मला दोन्ही पक्षांचं म्हणणं पटत नाही. तोंडी सांगायला गेलं की मध्येच चहा येतो आणि विषय गुडघेदुखीवर जातो, म्हणून इथे सविस्तर लिहिते. आमचे नातेवाईक हे वाचतात, हे मला ठाऊक आहे. वाचावंच त्यांनी.

आधी थोडा भूगोल. (आयुष्यभर वर्गात शिकवला, सवय जात नाही.) फ्लोरिडाच्या खालपासून व्हेनेझुएलापर्यंत नकाशात बेटांची एक माळ दिसते. तिच्या पूर्वेकडच्या भागात अँटिग्वा, ग्वादेलूप, डॉमिनिका, मार्टिनिक, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनाडा ही छोटी छोटी बेटं साधारण उत्तर-दक्षिण ओळीत आहेत. आणि तिथे वर्षाचे बहुतेक महिने वारा येतो तो पूर्वेकडून. पाठ्यपुस्तकातले 'व्यापारी वारे' ते हेच. माळ उत्तर-दक्षिण आणि वारा पूर्वेचा, म्हणजे वर जा की खाली या, वारा आपला बाजूने मिळतो. शिडाच्या बोटीला यापेक्षा सोयीचं काय असणार? शिवाय बऱ्याच ठिकाणी एका बेटावरून पुढचं बेट डोळ्यांना दिसतं. म्हणून जगभरातले लोक आपापल्या बोटी घेऊन तिथे येतात.

आता प्रत्यक्ष राहणं कसं असतं, ते ऐका. बोट ३८ फूट लांब आणि सगळ्यात रुंद जागी १२ फूट. त्यात स्वयंपाकघर, झोपायची जागा, संडास, इंजिन, अवजारं आणि दोन माणसं. पिण्याच्या पाण्याची टाकी सुमारे ४०० लिटरची. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि मग थोड्याशा गोड्या पाण्याने विसळायची. अंघोळ म्हणजे समुद्रात बुडी मारायची, साबण लावायचा, पुन्हा बुडी मारायची आणि शेवटी तांब्या-दोन तांबे गोडं पाणी अंगावर घ्यायचं. खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र बोटीवर आहे, पण ते विजेवर चालतं. वीज सौरपट्ट्यांवर होते आणि बॅटऱ्यांत साठते. दोन दिवस आभाळ भरून राहिलं की वीज कमी आणि पाणीही कमी. म्हणजे ढग, दिवा आणि अंघोळ यांचा संबंध या दोघांना रोज सकाळी जोडावा लागतो. आपण नळ सोडतो तेव्हा धरणाचा विचार करतो का?

नांगराचं तसंच. नांगर टाकला की झालं, असं आपल्याला वाटतं. पण नुसता लोखंडाचा आकडा बोट धरून ठेवत नाही. पाणी पाच मीटर खोल असेल तर त्याच्या पाचपट, वारा जोराचा असेल तर सातपट साखळी सोडायची, म्हणजे ती तळावर आडवी पडते आणि नांगराचं टोक वाळूत रुतून राहतं. भाचा पाण्यात उडी मारून, चश्मा लावून, नांगर खरंच रुतलाय का ते डोळ्यांनी बघून येतो. तरी रात्री दोन वाजता वारा फिरला की उठून बघायचं. नांगर घसरला तर बोट खडकावर जाईल, नाहीतर शेजाऱ्याच्या बोटीवर.

हे सगळं मी का सांगतेय? आपल्या शहरी संसारात जबाबदाऱ्या वाटून दिलेल्या असतात. पाणी महापालिकेकडे, दिवे वीज कंपनीकडे, गळती प्लंबरकडे, रात्रीची राखण वॉचमनकडे आणि तक्रारी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे. आपण पैसे भरतो आणि विसरतो. बोटीवर यांतलं कुणीच नाही. संडासाचा पंप बिघडला तर तुम्हीच गुडघ्यावर बसायचं. हवामान वाचायचं तुम्हीच, निर्णय घ्यायचा तुम्हीच आणि चुकलात तर भोगायचंही तुम्हीच. ज्याला जबाबदारीतून पळायचंय त्याने खुशाल फ्लॅटमध्ये राहावं; बोट घेऊ नये!

उसासे टाकणाऱ्यांनाही सांगते. फोटोत ओल धरलेली गादी दिसत नाही. कपाटात कपड्यांवर चढलेली बुरशी दिसत नाही. २०११ पासून त्या समुद्रात सरगॅसम नावाच्या शेवाळाचे तपकिरी पट्टे येऊन किनाऱ्याला कुजतात, तो वासही फोटोला येत नाही. आणि हे नुसतं नशीब नाही. त्यासाठी घर विकावं लागलं. शिवाय दोघांची तब्येत धड आहे आणि त्यांच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आहे. आपल्या पासपोर्टवर कुठे कुठे आधी व्हिसा काढावा लागतो. या गोष्टी सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत, हे भाचासुद्धा मान्य करतो.

गंमत बघा. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. आमच्या घरात त्यांचं नाव सगळे अभिमानाने घेतात, आणि घ्यायलाच हवं. पण तीच माणसं भाच्याच्या बाबतीत नाक मुरडतात. पराक्रम आपल्याला कळतो. हार घालता येतात, सत्कार करता येतो. पण बोटीवर कुणी नुसतं राहतंय, डाळ शिजवतंय, दोरीवर कपडे वाळत घालतंय, हे आपल्याला संशयास्पद वाटतं.

बरं, तिथे एकांत असतो, हीसुद्धा एक समजूत. ग्रेनाडाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या खाड्यांत बोटी दाटीने उभ्या असतात. सकाळी ठरल्या वेळी सगळे रेडिओ लावतात. कोण नवीन आलं, कोण निघालं, हवामान काय म्हणतंय, कुणाला कुठला सुटा भाग हवा आहे, बाजाराला जाणाऱ्या गाडीत किती जागा आहेत, सगळं त्यावर. मला तर गिरगावातल्या चाळीची आठवण झाली. एखाद्याचा नांगर सुटला आणि तो बोटीवर नसला, तर आजूबाजूचे लोक आपापल्या छोट्या होड्या घेऊन धावतात.

पण आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी भाच्याची वकील ठरेन.

बोट गळायला लागली की भोंगा वाजतो. बॅटरी उतरली की आकडा दिसतो. म्हणजे बोट आपल्या गरजा स्वतःच ओरडून सांगते. पण दोन जबाबदाऱ्या अशा आहेत, की त्यांचा भोंगा बोटीवर वाजत नाही. त्या आपणहून घ्याव्या लागतात. एक त्या बेटांची आणि दुसरी आपल्या माणसांची.

बेटांचं आधी. कुठल्याही नव्या देशात पोचलं की बोटीवर पिवळा झेंडा चढवायचा. त्याचा अर्थ, 'आम्ही आलोय, अजून परवानगी मिळालेली नाही.' मग किनाऱ्यावरच्या कचेरीत जाऊन कागदपत्रं दाखवायची, शुल्क भरायचं, आणि परवानगी मिळाली की पिवळा उतरवून त्या देशाचा झेंडा लावायचा. मला ही पद्धत फार आवडली. दारात उभं राहून 'येऊ का?' विचारण्यासारखी. बोटीवाला तिथे पाहुणा आहे, ही गोष्ट झेंडा उतरवल्यावरही विसरता कामा नये.

त्या बेटांवर बोटीने आलेले सगळेच काही हौसेने आले नव्हते. आफ्रिकेतून माणसं साखळदंडांत आणली गेली. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून हिंदुस्थानातून गिरमिटिये नेले. त्रिनिदादला 'फातेल रझाक' हे पहिलं जहाज ३० मे १८४५ रोजी लागलं, आणि ग्रेनाडाला 'मेडस्टन' १ मे १८५७ रोजी. आपल्याकडे १ मे हा महाराष्ट्र दिन, तिथे तो हिंदी माणसांच्या आगमनाचा दिवस. ज्या समुद्रात कित्येकांना मनाविरुद्ध आणलं, तिथे आज आपण मनाजोगतं राहतोय, याची जाणीव मनात असावी.

आणि वादळं! जून ते नोव्हेंबर हा तिथला चक्रीवादळांचा काळ. ग्रेनाडा इतकं दक्षिणेला, की तिथे वादळ सहसा येत नाही असं लोक धरून चालत. ७ सप्टेंबर २००४ रोजी 'आयव्हन' आलं आणि बेटावरच्या बहुतेक घरांची छपरं गेली. जायफळाच्या बागा झोपल्या. ग्रेनाडाच्या राष्ट्रध्वजावर जायफळाचं चित्र आहे, यावरून काय ते समजा. ज्यांच्या कोकणात बागा आहेत त्यांना सांगायला नको, की जायफळाचं रोप लावल्यावर फळ धरायला कित्येक वर्षं जातात. मग १ जुलै २०२४ रोजी 'बेरिल' आलं. ग्रेनाडाच्याच कॅरियाकू या लहानशा बेटावर ते ताशी सुमारे २४० किलोमीटरच्या वाऱ्याने आदळलं. खारफुटीत आसऱ्याला बांधून ठेवलेल्या कित्येक बोटी एकमेकींवर चढून फुटल्या. बेटावर धड छप्पर शोधावं लागत होतं. याच कॅरियाकूच्या लाकडी बोटी बांधण्याच्या कलेला २०२३ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं होतं.

भाचा आणि सूनबाई त्या वेळी आणखी दक्षिणेला, त्रिनिदादला होते. सुखरूप होते. इथेच खरा प्रश्न येतो. बोटीवाला नांगर उचलून जाऊ शकतो. जायफळाचं झाड आणि ते लावणारा माणूस जाऊ शकत नाही. वाऱ्याला घाबरून निघून जाणं यात काही गैर नाही, ते शहाणपणच. गैर आहे ते वादळानंतर 'आता तिथे काही उरलं नाही' म्हणून दुसरं सुंदर बेट शोधणं. ही दोघं त्या डिसेंबरात कॅरियाकूला गेली आणि ज्या बाईंकडून भाजी घ्यायची, त्यांच्या घराचं वायरिंग करून देण्यात तीन आठवडे राहिली. फार मोठं काम नाही. पण पाहुण्याने एवढं तरी करावं. ज्यांनी केलं नाही त्यांनी जरूर विचार करावा.

आता आपल्या माणसांचं. माझी ताई ८२ वर्षांची, पुण्यात राहते. तिथल्या-इथल्या घड्याळात साडेनऊ तासांचं अंतर. उपग्रहाच्या इंटरनेटमुळे रोज बोलणं होतं, चेहरा दिसतो. पण फोनवरून पाठीला हात लावता येत नाही. २०२३ साली ताईचं खुब्याचं हाड मोडलं. बोट सुरक्षित जागी ठेवायची, मग छोटं विमान, मग मोठं विमान असं करत भाचा चौथ्या दिवशी पोचला आणि दोन महिने राहिला. (पुण्यातच राहणाऱ्या काहींना ताईकडे यायला याहून जास्त दिवस लागले. नावं घेत नाही. वाचताय ना?)

तरीही मी त्याला स्पष्ट सांगितलं, "हाड मोडल्यावर येणं म्हणजे बोट बुडायला लागल्यावर पंप शोधण्यासारखं आहे. तू रोज हवेचा दाब वहीत टिपतोस ना? आईचा एकटेपणा कुठल्या रकान्यात लिहितोस?" तो गप्प राहिला. सूनबाई म्हणाली, "मावशी, बरोबर आहे तुमचं." त्यानंतर त्यांनी ठरवलं, की वादळांच्या महिन्यांत बोट त्रिनिदादला जमिनीवर चढवून ठेवायची आणि तो काळ पुण्यात ताईजवळ काढायचा. बोटीवाले अनेक जण त्या काळात असंच बोट बाहेर काढून आपापल्या देशी जातात. गेल्या वर्षी दोघं जूनमध्ये आले, ते दिवाळी करून गेले. तिकडचा वादळी हंगाम आणि इकडचा पावसाळा यांचा मेळ असा बसला.

तर माझं मत असं. बोटीवर राहणं हे पळून जाणं नाही. उलट तिथे रोजच्या जगण्याचा हिशेब दुसऱ्याच्या गळ्यात घालायची सोयच नाही. पण एवढ्याने माणूस थोर ठरत नाही. जे ओरडत नाही त्याच्याकडे तो लक्ष देतो की नाही, यावर त्याला जोखावं. आणि हीच फूटपट्टी पुण्या-मुंबईत पक्क्या भिंतींच्या घरात राहणाऱ्यांनाही लावावी. भाच्याने ती मानली. आपल्यातल्या किती जणांना ती लावून घ्यायला आवडेल, ते आपापल्या मनाशी बघावं.

असो. बरंच लांबलं. पुढच्या लग्नात हा विषय निघालाच, तर निदान चहा मध्ये आणू नका.