दाण्याला न भुलणारा पाहुणा

दिवाळीचे वहीपूजन आटोपून दुकाने पुन्हा उघडतात, त्या सुमारास गोदामामागील आवारात, कौलांच्या कडेवर किंवा पडक्या भिंतीवर चिमणीएवढा एक पक्षी येऊन बसलेला असतो. क्षणभर स्थिर राहतो, अंग किंचित झुकवतो आणि त्याची तांबूस शेपटी थरथरू लागते. या थरथरण्यावरूनच त्याला थिरथिरा हे नाव पडले.

नराचे डोके, छाती व पाठ काळी. पोट व शेपटी गेरूकडे झुकणाऱ्या नारिंगी रंगाची. सावलीत बसला असता तो नुसता काळा दिसतो. उडताच मात्र शेपटी अशी उजळते, की विझत आलेल्या निखाऱ्यावर कोणी फुंकर घालावी. मादी मातकट तपकिरी असते आणि पुष्कळजण तिला चिमणीच समजतात. दोघांची खूण एकच, ती शेपटी. पक्षी हालचालीवरून कसा ओळखावा, हे शिकवणारा याहून चांगला गुरू क्वचितच मिळेल.

उन्हाळ्यात हिमालय, तिबेट व मध्य आशियातील उघड्या, खडकाळ उंचीवर तो दगडांच्या कपारीत घरटे करतो. तेथे थंडी वाढून कीटक दिसेनासे झाले, की एवढासा जीव दक्षिणेची वाट धरतो. येथे पोहोचल्यावर आवाराचा एक तुकडा आपला म्हणून राखतो आणि दुसरा थिरथिरा आल्यास त्याला हुसकावून लावतो. म्हणूनच आज दिसला त्या खांबाच्या आसपास तो उद्याही बहुधा सापडतो.

पक्ष्यांना दाणे घालण्याची परंपरा असलेल्या घरांची या पाहुण्यापुढे थोडी पंचाईत होते. ज्वारी-बाजरीच्या ताटलीकडे तो ढुंकूनही पाहत नाही. किडे, मुंग्या, कोळी हे त्याचे अन्न. पंगतीला बसवण्याजोगा तो नव्हेच! त्याच्यासाठी राखावयाचा असतो तो एखादा कोपरा: भिंतीलगतची न झाडलेली पाने, दगडांचा ढीग, फवारणीविना सोडलेले गवत. गोदामातील माल कीडमुक्त ठेवणे व्यापाऱ्यास भागच आहे. परंतु तोच फवारा केवळ सवयीने आवारातील गवतावरही मारला जातो, तेव्हा थिरथिऱ्याचे ताट रिकामे होते. फवारा गोदामापुरता ठेवण्यास खर्च काहीच नाही. नोकरास एकदा सांगावे लागते, इतकेच.

गुढीपाडव्याच्या आगेमागे एखाद्या सकाळी तो खांब रिकामा दिसतो. घरातील मुलांनी थिरथिरा प्रथम दिसल्याची व शेवटचा दिसल्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. पुढील दिवाळीत ती ताडून पाहता येईल.