पडल्यामुळे मोडले, की मोडण्याजोगेच झाले होते?

साताऱ्याची पेठ असो वा सांगलीची, व्यापारी कुटुंबांत एक प्रसंग थोड्याफार फरकाने घडत असतो. पहाटे मंदिरात जाण्याच्या घाईत आजींचा पाय मोरीत घसरतो, हात टेकला जातो आणि मनगट मोडते. प्लास्टर चढते, काही आठवड्यांनी उतरते आणि विषय संपतो. पुढे दोन-चार वर्षांनी त्याच आजी पलंगावरून उठताना पडतात व या वेळी खुबा मोडतो. घरातील वडीलधारे म्हणतात, ‘वय झाले, पडल्या, म्हणून मोडले.’ या वाक्यातील ‘म्हणून’ तेवढा तपासून पाहण्याजोगा आहे.

वाहनाची धडक बसली तर कोणाचेही हाड मोडेल. परंतु उभ्या जागी, आपल्याच उंचीवरून पडल्याने निरोगी हाड सहसा मोडत नाही. किरकोळ पडण्याने, भरलेली बादली उचलण्याने किंवा जोराच्या खोकल्यानेही हाड मोडले, तर कारण पडण्यात कमी आणि हाडात अधिक असते.

हाडाची रचना घराच्या स्लॅबसारखी आहे. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे सळ्यांप्रमाणे ताण सोसतात. कॅल्शियम व फॉस्फरस यांचे क्षार सिमेंटप्रमाणे भार पेलतात. मात्र हा स्लॅब जिवंत आहे. एका प्रकारच्या पेशी जुने हाड झिजवतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी नवे घडवतात. वयाच्या तिशीपर्यंत जमेची बाजू भारी असते. त्यानंतर खर्च हळूहळू वाढतो. पाळी बंद झाल्यावर स्त्रियांच्या शरीरातील इस्ट्रोजेन घटते आणि पुढील काही वर्षे हा खर्च फार वेगाने होतो. हाड आतून विरळ व सच्छिद्र होते. यालाच ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. तो दुखत नाही. मनगट, मणका किंवा खुबा मोडला की मगच त्याचा पत्ता लागतो. उंची कमी होणे, पाठीला बाक येणे ही पुष्कळदा दबलेल्या मणक्यांची खूण असते. ‘म्हातारपणाचे पोक’ म्हणून ती सोडून दिली जाते. दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडे, थायरॉइडचे विकार आणि तंबाखू यांनीही हाडे पोखरली जातात. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावी क्षारच नीट बसत नाहीत व हाडे मऊ पडतात. तो निराळा आजार आहे.

साध्या एक्स-रेमध्ये हा क्षय बराच उशिरा दिसतो. त्यासाठी डेक्सा ही वेदनारहित तपासणी आहे. तिचा टी-स्कोअर उणे 1 किंवा त्याहून वर असल्यास हाडांची घनता योग्य, उणे 2.5 वा त्याखाली असल्यास ऑस्टिओपोरोसिस, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मोजमाप आहे.

आपल्या आहारातील मर्यादा याला कारण आहेत, असे समजण्याचे मुळीच कारण नाही. कॅल्शियम देणारे पदार्थ कंदमुळांत मोडत नाहीत. दूध, दही, ताक, पनीर, नाचणी, राजगिरा व तीळ हे सारे आपल्या स्वयंपाकघरातलेच आहेत. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. प्रौढांना रोज 1000 आणि पाळी बंद झालेल्या स्त्रियांना 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी हे प्रमाण दिवसाच्या दोन-तीन जेवणांत विभागून घ्यावे, इतकेच.

उणीव असते ती उन्हाची. सांगलीत ऊन कमी नाही. पण सकाळी दुकानात बसलेला व्यापारी रात्रीच बाहेर पडतो, आणि घरातील स्त्रियांचा दिवस छपराखाली जातो. ‘ड’ जीवनसत्त्व त्वचेत तयार होते ते प्रामुख्याने साधारण दहा ते दोन या वेळच्या उन्हात. अगदी कोवळ्या उन्हात किंवा काचेआडून फारसे नाही. दुपारच्या जेवणापूर्वी हात-पाय उघडे ठेवून गच्चीवर थोडे फिरले, तर ऊनही मिळते आणि हाडांना चालण्याचा भारही. भार पडल्याशिवाय हाड बळकट होत नाही.

औषधांविषयी श्रावकांच्या मनात शंका असतात व त्या योग्य आहेत. पुष्कळ कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. काही कॅल्शियम शिंपल्यांपासून तर बरेचसे डी-3 लोकरीतील मेणापासून बनते. मात्र शंका मनात ठेवून गोळी बंद करू नये. डॉक्टरांना स्पष्ट सांगावे; खनिज कॅल्शियम व वनस्पतिजन्य पर्यायही मिळतात. आठवड्यातून एकदा घ्यावयाची ॲलेंड्रोनेटसारखी गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे न होता राहावे लागते. ज्यांचा चौविहार उपवास असतो, त्यांनी तिचा वार वेगळा ठरवावा. अठ्ठाईसारख्या दीर्घ तपापूर्वीही वैद्यकीय सल्ला घ्यावा.

मोडलेले हाड जोडण्याच्या बाबतीत हा प्रदेश भाग्यवान आहे. डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय सुरू केले. पुढे याच गावातील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी संपादिलेल्या ग्रंथाचा आधार देशभरातील विद्यार्थी घेत आले. साताऱ्याचे रुग्ण रेल्वेने मिरजेस जातात ते याच लौकिकामुळे. परंतु शल्यविशारद हाड जोडतो. हाडातील क्षय थांबवणे ही पुढची, घराने चालवावयाची चिकित्सा आहे.

खुबा मोडलाच, तर ‘या वयात शस्त्रक्रिया कशाला’ म्हणून दिवस घालवू नयेत. अंथरुणावर पडून राहिल्याने फुप्फुसाचा दाह, रक्ताच्या गाठी व शय्याव्रण होतात. वृद्धांचा जीव अनेकदा त्यांनीच जातो. शक्य तेथे एक-दोन दिवसांतच शस्त्रक्रिया करून रुग्णास उभे करणे श्रेयस्कर.

आणि त्याहून श्रेयस्कर म्हणजे खुबा मोडूच न देणे. मोरीत खरखरीत फरशी, भिंतीला धरावयास कठडा, रात्री उजेड आणि डोळ्यांची वेळेवर तपासणी, एवढ्याने पुष्कळ पडणी टळतात. मनगटाचे प्लास्टर उतरते त्याच दिवशी डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘हाड जुळले, पण ते मोडले का?’ त्या उत्तरावर आजींची पुढील दहा वर्षे अवलंबून असू शकतात.