मंत्रालयाची पायरी कोण चढतो?

कायदा संसदेत संमत होतो, पण घडतो त्याच्या बराच आधी. मसुद्यातील एखादे कलम, अधिसूचनेतील एखादा अपवाद यांवर सहस्रावधी कुटुंबांचे हिताहित अवलंबून असते. या प्रक्रियेचा खडान्‌खडा अभ्यास करून उद्योग वा संस्था यांची बाजू शासनापुढे मांडणारा एक व्यावसायिक वर्ग जगभर उभा राहिला आहे. आपल्याकडे त्याला सरसकट 'दलाल' म्हटले की विषय संपतो. तो तसा संपवणे परवडेल काय?

अमेरिकेत हा व्यवसाय राजमान्य आहे. तेथील तरुण एखाद्या सिनेटरच्या कार्यालयात उमेदवारी करतो, काँग्रेसच्या समितीत विधेयकांचे मसुदे हाताळतो, पुढे एखाद्या खात्यात कार्यपालिकेची रीत शिकतो आणि अखेरीस भरघोस वेतनावर खासगी कंपनीत रुजू होतो. जनतेच्या खर्चाने मिळवलेले ज्ञान अशा रीतीने अशिलाच्या सेवेस लागते, हा त्यातील दोष. जॅक अब्रामॉफ या लॉबिस्टने २००६ साली लाचखोरीच्या कटाची कबुली दिली, तेव्हा तो चव्हाट्यावर आला. नोंदणी १९९५ च्या कायद्याने सक्तीची झालीच होती. २००७ च्या कायद्याने दर तिमाहीस अहवाल मागितला आणि माजी सिनेटरांना पद सोडल्यावर दोन वर्षे काँग्रेसकडे रदबदली करण्यास बंदी घातली.

भारतात वरिष्ठ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभर खासगी नोकरीसाठी शासनाची अनुमती लागते. मात्र मंत्रालयाची पायरी कोण, कोणासाठी चढतो याची नोंद सक्तीची करणारा कायदा केंद्रात नाही. उघड वाट आहे ती १९९३ पासूनच्या खातेनिहाय संसदीय स्थायी समित्यांची. तेथे नागरिक लेखी सूचना देऊ शकतात, तज्ज्ञांची साक्ष होते. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली. सतराव्या लोकसभेत जेमतेम १६ टक्के. सत्ता कोणाचीही असो, ही वाट अरुंद झाली म्हणून बड्या उद्योगाचे काही अडत नाही. त्याचा माणूस दिल्लीत बसलेलाच असतो. अडते ते कांदा उत्पादकाचे आणि छोट्या कारखानदाराचे.

म्हणूनच रदबदलीची जाहीर नोंद हवी, महत्त्वाची विधेयके समितीकडे जायला हवीत आणि खासदाराच्या हाताशी अभ्यासू सहायक हवा. 'पीआरएस' या संस्थेने २०१० पासून तरुण पदवीधरांना खासदारांसोबत काम करण्याची संधी देऊन या दिशेने पाऊल टाकले आहे. सामान्यांची बाजू आकडेवारीनिशी मांडू शकणारे तरुण या क्षेत्रात आले नाहीत, तर मसुदे इतरांच्या सोयीने लिहिले जातील, हे विसरून चालणार नाही.

रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवीत. लोकप्रतिनिधीने असा हिशेब द्यावा ही अपेक्षा रास्तच. मग त्याच्या दारी येणाऱ्याने तो का देऊ नये?